उन्हाळ्यातला सोपा बेरी कॉब्लर: नागपूरच्या गरमीत जमेल असा

गोकुळपेठची_सुगरण | २८ मे, सकाळी ७.१०

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे आणि बाजारात पहिली जांभळं दिसायला लागली आहेत, म्हणून हा धागा.

कॉब्लर म्हणजे फळ आणि पिठाचा थर, दोन्ही एकाच भांड्यात एकदमच भाजलेले. पारी लाटायची नाही, फेटत बसायचं नाही, अंडं तर लागतच नाही. मूळ अमेरिकेतला पदार्थ. तिकडे ब्लॅकबेरी, ब्लूबेरी, पीच घालतात. आपल्याकडे जांभूळ, तुती, करवंद किंवा फ्रोजन मिश्र बेरी.

याचे दोन प्रकार आहेत. एकात थंड लोणी मैद्यात चोळून त्याचे गोळे फळावर ठेवतात. दुसऱ्यात वितळलेल्या लोण्यावर पातळसर पीठ ओततात आणि त्यावर फळ टाकतात. बहुतेक कृती पहिल्या प्रकाराच्या असतात आणि मे महिन्यात नागपुरात तोच फसतो. लोणी ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं. दुपारी ओट्यावरची परातच त्याहून गरम असते. चोळता चोळता लोण्याचं तेल होतं, मैदा ते पिऊन टाकतो आणि वरचा थर दगडासारखा होतो. म्हणून उन्हाळ्यात ओतायचाच प्रकार करा. लोणी वितळलेलंच लागतं म्हटल्यावर गरमीचा प्रश्नच मिटला.

भांडं २० सेंमी चौकोनी आणि ५ सेंमी खोल. काचेचं किंवा चिनी मातीचं. साधं अॅल्युमिनियम नको, आंबट फळ त्याला लागलं की धातूची चव उतरते आणि रंग काळपट होतो.

साहित्य:
फळ, बिया काढून ४५० ग्रॅम
फळासाठी साखर ६० ग्रॅम
लिंबाचा रस १ टेबलस्पून
कॉर्नफ्लोअर २ टीस्पून
मीठ असलेलं पिवळं लोणी ८० ग्रॅम
मैदा १२५ ग्रॅम
पिठासाठी साखर १२० ग्रॅम
बेकिंग पावडर दीड टीस्पून, सपाट
दूध २०० मिली

लोण्यात मीठ आहे, वेगळं घालू नका. पांढरं लोणी वापरलंत तर पाव टीस्पून मीठ घाला.

ओव्हन १८० डिग्रीला १५ मिनिटं आधी तापवा. फळ, ६० ग्रॅम साखर, लिंबू, कॉर्नफ्लोअर एकत्र करून बाजूला ठेवा. लोणी भांड्यात टाकून भांडं ओव्हनमध्ये ४-५ मिनिटं ठेवा. लोणी वितळून कडेला बारीक फेस दिसला की बाहेर काढा. तोवर मैदा, साखर, बेकिंग पावडर चाळून घ्या, दूध ओता आणि गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा. धिरड्याच्या पिठापेक्षा जरा दाट हवं, पळीतून सलग पडलं पाहिजे.

हे पीठ गरम लोण्यावर ओता. लोणी कडेने वर येईल, पिठावर तवंग दिसेल. ढवळू नका. फळ रसासकट चमच्याने जागोजागी सोडा. परत ढवळू नका. ४५ ते ५० मिनिटं भाजा. पीठ फुगत फुगत फळाच्या वर येतं, कडा लोण्यात तळल्यासारख्या कुरकुरीत होतात, मधला भाग मऊ राहतो. बाहेर काढल्यावर अर्धा तास थांबा, रस तेव्हाच आळतो.

---

नवशिका_बेकर | २८ मे, सकाळी ८.०२

ताई, ढवळायचं नाही हे दोनदा लिहिलंय म्हणून विचारतो. ढवळलं तर नेमकं काय होतं?

---

गोकुळपेठची_सुगरण | २८ मे, सकाळी ८.२०

लोणी पिठात मुरलं की कडा तळल्या जात नाहीत. फळाचा रसही पिठात पसरतो, मग मधला भाग शिजतच नाही. सुरी घालावी तर ओल्या शिऱ्यासारखा गिच्च निघतो. थर वेगळे राहिले तरच तो कॉब्लर. नाहीतर करपटलेला फ्रूट केक.

---

कळमन्याचा_फेरफटका | २८ मे, सकाळी ९.१५

फळाबद्दल जरा सविस्तर. ४५० ग्रॅम म्हटलं तरी प्रत्येक फळाचं गणित वेगळं आहे.

जांभूळ. एक किलोत साधारण ६०० ते ७०० ग्रॅम गर निघतो. जांभळं लहान असतील तर त्याहून कमी. घेताना दाबून बघा. बोट किंचित रुतलं पाहिजे, पण साल फाटलेली नको. कच्चट जांभूळ भाजल्यावर जास्तच घशाला बसतं. कापून १० मिनिटं पाव टीस्पून मीठ चोळून ठेवा, तुरटपणा जिभेला कमी लागतो. मग मात्र पिठात चिमूटभरही मीठ नको. गर काढण्याची सोपी पद्धत: कढईत २ टेबलस्पून पाणी, जांभळं, झाकण, मंद आचेवर ४-५ मिनिटं. साल सैल झाली की गार करून बोटांनी बी दाबून काढायची. अर्धा गर फोडींसारखा ठेवा, अर्धा कुस्करा. बियांसकट मिक्सर फिरवू नका, कडू होतं. हाताला आधी थोडं तेल लावा, नाहीतर चार दिवस जांभळी बोटं मिरवत फिराल.

तुती. तिचा हंगाम मार्च-एप्रिल, आता फ्रीझरमध्ये साठवलेली असेल तरच. प्रत्येक फळाला बारीक हिरवा देठ असतो, तो कात्रीने कापावा. ओढला तर अर्धं फळ सोबत येतं. काळी पिकलेली तुती गोड असते पण तिला आंबटपणा नाही. साखर ४० ग्रॅम करा, लिंबू दीड टेबलस्पून. रस फार सुटतो, कॉर्नफ्लोअर ३ टीस्पून घ्या.

करवंद. काळीच घ्या. लालसर असेल तर चीक असतो. मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवून, दोन भाग करून बिया काढाव्या लागतात. वेळखाऊ काम आहे, दोन माणसं बसवा. साखर ९० ग्रॅम, लिंबू अजिबात नको.

स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरचा माल आता संपला, चिखलदऱ्याचाही. फ्रोजन वापरली तर एकटी नको. भाजल्यावर फिकी पडते आणि लगदा होतो. एक तृतीयांश स्ट्रॉबेरी आणि बाकी जांभूळ असं चालतं.

फालसा. बी मोठी, गर नावाला. गाळून १०० मिली रस काढा, आटवून निम्मा करा आणि जांभळात मिसळा. आंबटपणा फार छान येतो, लिंबाची गरज उरत नाही. चारं (चारोळीची फळं) मात्र नुसती खायचीच, त्यांचा गर नखाएवढा.

---

धंतोली_डबा | २८ मे, सकाळी ११.३०

फ्रोजन बेरी वितळवून घ्यायच्या की तशाच?

---

कळमन्याचा_फेरफटका | २८ मे, सकाळी ११.५२

वितळवून. ओतायच्या प्रकारात गोठलेलं फळ टाकलं की खालचं गरम लोणी थिजतं आणि पीठ उशिरा फुगतं. चाळणीत ठेवून वितळू द्या, खाली भांडं ठेवा. आपल्याकडे तासाभरात होतं. खाली जमलेला रस छोट्या कढईत आटवून ३-४ टेबलस्पूनवर आणा आणि परत फळात घाला. फेकू नका, सगळी चव त्यातच असते.

---

खमंग_काकू | २८ मे, दुपारी १.०५

सुगरणताईंची कृती उत्तम, पण गोळ्यांचा प्रकार उन्हाळ्यात जमतच नाही हे पटत नाही. जमतो. फक्त मोहनाची सवय सोडावी लागते.

आपण शंकरपाळ्याला कडकडीत मोहन घालतो, मुटका वळला की झालं म्हणतो. इथे बरोबर उलटं. मुटका वळला तर काम बिघडलं. लोण्याचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे मैद्यात तसेच राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात.

मैदा १५० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, लोणी ६० ग्रॅम, घट्टसर गार ताक ११०-१२० मिली. मैदा परातीसकट अर्धा तास फ्रीझरमध्ये. लोणी तासभर फ्रीझरमध्ये, मग किसणीच्या मोठ्या भोकांनी थेट मैद्यावर किसायचं. हात लावायचा नाही, काट्याने हलवायचं. पुन्हा १० मिनिटं फ्रीझर. मग ताक ओतून दहा-बारा वेळा फिरवायचं, पीठ खडबडीतच राहील. चमच्याने लिंबाएवढे गोळे फळावर, मधे बोटभर जागा सोडून. ही जागा वाफ जायला लागते. सगळं झाकून टाकलं की खालची बाजू कच्ची राहते.

या प्रकारात फळ ६०० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर दीड टेबलस्पून. रस पिणारं पीठ खाली नाही ना. १९० डिग्रीला ३५ ते ४० मिनिटं. पहाटे साडेपाचला करा, म्हणजे फ्रीझर आणि तुम्ही दोघंही शांत असाल.

---

गोकुळपेठची_सुगरण | २८ मे, दुपारी १.४०

काकू, कबूल. पण तीनदा फ्रीझर उघडायचा, म्हणजे 'सोपा' हा शब्द धाग्याच्या नावातून काढावा लागेल. 🙂

गोळेच हवे असतील तर एक मधला मार्ग आहे. लोणी चोळायचंच नाही. १५० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, २ टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ, त्यात १५० मिली गार फ्रेश क्रीम आणि १ टेबलस्पून वितळलेलं लोणी. आपल्याकडच्या डब्यातल्या क्रीममध्ये २५ टक्केच स्निग्धांश असतो, म्हणून वरचं लोणी. चमच्याने एकत्र करा, गोळे टाका. थर तितके सुटत नाहीत, पण मऊसूत होतात आणि फसत नाहीत.

---

खमंग_काकू | २८ मे, दुपारी १.५५

हे चालेल. थर हवे असतील त्यांनी डिसेंबरची वाट बघावी.

---

नवशिका_बेकर | २८ मे, रात्री ९.३०

चहाच्या कपाने मैदा मोजला तर चालेल का? वजनकाटा नाही घरी.

---

खमंग_काकू | २८ मे, रात्री ९.४४

चहाचा कप कुणाचा १२० मिलीचा, कुणाचा १८०चा. अमेरिकन कृतीतला कप २४० मिलीचा, त्यात हलक्या हाताने भरलेला मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो. ठोकून भरला तर १५०च्याही वर जातो, तिथेच पीठ घट्ट होतं. काटा नसेल तर मोजायचे कप घ्या, मैदा चमच्याने भरा, सुरीने सपाट करा. टीस्पून ५ मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा. जेवणाचा चमचा म्हणजे टेबलस्पून नव्हे.

आणि मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की मैदाही जास्त दूध पितो. २०० मिलीत दाट वाटलं तर एकेक टेबलस्पून करत २३० पर्यंत जा. पाऊस लागला की परत २००.

---

मैदा_नको_बाई | २९ मे, सकाळी ६.५०

कणीक घालून?

---

गोकुळपेठची_सुगरण | २९ मे, सकाळी ७.२५

निम्मी चालते. पोळीची कणीक बारीक असते, ती घ्या, २० मिली दूध वाढवा आणि पीठ १० मिनिटं मुरू द्या. फार वेळ ठेवू नका, बेकिंग पावडरचा जोर जातो. पूर्ण कणकेचा थर दडस होतो. लोण्याऐवजी तूप हवं असेल तर ८० ग्रॅम लोण्याच्या जागी ६५ ग्रॅम तूप, दूध १५ मिली जास्त आणि पाव टीस्पून मीठ. लोण्यात जवळपास पाचवा हिस्सा तूप सोडून बाकीचं असतं, मुख्यतः पाणी, म्हणून हा हिशोब.

---

मानेवाड्याचा_शेफ | २९ मे, सकाळी १०.१०

जांभळाचा कॉब्लर. फळाला लागून असलेलं पीठ हिरवट-निळं झालंय. बुरशी वाटावी असा रंग. पीठ ताकात भिजवून अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा घातला होता. काहून झालं असं?

---

लिटमस_दादा | २९ मे, सकाळी १०.३५

सोडा. जांभूळ, तुती, करवंद यांच्या रंगाला अँथोसायनिन म्हणतात. आंबट असलं की तो लाल, मधे जांभळा, आणि अल्कली लागली की निळा-हिरवा. ताकाचा आंबटपणा जितका, तितकाच सोडा त्यात खपतो. ताजं ताक गोडसर असतं, मग सोडा उरतो आणि फळाच्या रसात उतरतो.

बशीत जांभळाच्या रसाचे दोन थेंब टाका. एकात चिमटीचं टोक बुडेल एवढा सोडा, दुसऱ्यात लिंबाचा थेंब. पहिला क्षणात शाईसारखा निळा होऊन हिरवटपणाकडे जातो, दुसरा गुलाबी होतो. तुमच्या भांड्यात पहिला झालाय. खायला काही अपाय नाही, पण साबणासारखी चव लागेल.

पुढच्या वेळी नुसती बेकिंग पावडर, तीही सपाट चमचा. सोडाच वापरायचा असेल तर १२० मिली आंबट ताकाला पाव टीस्पूनच्या वर नको.

---

मानेवाड्याचा_शेफ | २९ मे, सकाळी ११.००

चव तशीच लागून राहिली आहे, साबणाची. समजलं. धन्यवाद दादा.

---

लिटमस_दादा | २९ मे, सकाळी ११.०८

बेकिंग पावडरचा डबा जुना असेल तर एक टीस्पून अर्धा कप गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक. नुसती विरघळली तर बाद. डबा गॅसच्या वरच्या फडताळात ठेवू नका. उन्हाळ्यात तिथलं तापमान आणि वरण-भाताची वाफ, दोन्ही तिला मारतात.

---

सोळा_अँपिअर | २९ मे, दुपारी ३.२०

ओटीजीबद्दल (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, घरगुती विजेचा ओव्हन) कुणी लिहिलं नाही म्हणून. मोठे ओटीजी २००० वॅटपर्यंत असतात, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये अडॅप्टर लावून चालवू नका, प्लग वितळतो. एक्स्टेंशन बोर्डावर तर नकोच. त्याच लाइनवर एसी असेल तर ओटीजीच्या वेळी बंद ठेवा. कूलरला फार लागत नाही, तो चालू द्या. इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही.

दोन्ही रॉड चालू, जाळी खालून दुसऱ्या खाचेत. आतलं तापमान बटणावर लिहिलेल्यापेक्षा १५-२० डिग्रीने सहज वेगळं असतं. ओव्हनचा थर्मामीटर एकदा घेऊन टाका. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनला पंखा असतो, त्याने वरून लवकर रंग येतो. १६५-१७० ठेवा. धातूचं भांडं फक्त कन्व्हेक्शन मोडमध्ये. आणि फ्रिजमधलं काचेचं भांडं थेट गरम ओव्हनमध्ये टाकू नका, तडकतं.

भाजताना वीज गेली तर दार उघडायचं नाही. दहा मिनिटांत आली तर पुढे तेवढाच वेळ वाढवा. पहिल्या पंधरा मिनिटांत जाऊन अर्धा तास आलीच नाही तर थर बसतो, मग त्याला पुडिंग म्हणून वाढा.

---

रोडगे_प्रेमी | २९ मे, सायंकाळी ६.४५

ओव्हनच नाही. कुकरमध्ये?

---

खमंग_काकू | २९ मे, सायंकाळी ७.१५

होतो, ओतायचाच प्रकार करा. कुकरच्या तळाला दीड वाटी मीठ, वर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिटी काढून. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. १८ सेंमीचं स्टीलचं भांडं घ्या, साहित्य तीन चतुर्थांश करा. लोणी वेगळ्या कढईत वितळवून गरमच भांड्यात ओता, बाकी सगळं तसंच. मंद ते मध्यम आच, ५५ ते ६५ मिनिटं. पहिली ४० मिनिटं झाकण उघडू नका.

वरून रंग येणार नाही. तुमचं नावच रोडगे_प्रेमी आहे, रोडगे निखाऱ्यात भाजताना वरखाली आच काहून लागते ते तुम्हाला काय सांगायचं! कुकरला आच फक्त खालून. वरून दोन चमचे साखर भुरभुरवली की निदान चकाकी येते. आणि ते मीठ नंतर स्वयंपाकात नको, याच कामासाठी डब्यात भरून ठेवा.

---

धंतोली_डबा | ३० मे, सकाळी ८.००

उरला तर किती टिकतो?

---

गोकुळपेठची_सुगरण | ३० मे, सकाळी ८.१२

सध्याच्या तापमानात बाहेर तासाभराच्या वर नको. फ्रिजमध्ये तीन दिवस, पण दुसऱ्या दिवशीच वरचा थर रस पिऊन मऊ पडतो. गरम करायला १६० डिग्रीला १२-१५ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतो. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम. दिनशॉजचं साधं व्हॅनिला पुरे, बदाम-पिस्ते घातलेलं जांभळाच्या चवीवर चढतं.

---

नवशिका_बेकर | ३० मे, सायंकाळी ५.४०

आत्ता ओव्हनमध्ये आहे! जांभूळ, ओतायचा प्रकार. १८० ला ४८ मिनिटं झाली. वरून चांगला तपकिरी झालाय, कडा सुटल्यात, पण मधे फळाचा रस पातळ दिसतोय. टूथपिकला मधे पीठ चिकटतंय. काढू का?

---

खमंग_काकू | ३० मे, सायंकाळी ५.४३

काढू नका. वर फॉइल सैल टाका, चमकती बाजू वर की खाली याने फरक पडत नाही. १० मिनिटं अजून. टूथपिक फळात नको, पिठात टोचा. आणि बुडबुडे कुठे आहेत ते बघा. फक्त कडेला आहेत की मधेही?

---

नवशिका_बेकर | ३० मे, सायंकाळी ५.४५

कडेलाच.

---

गोकुळपेठची_सुगरण | ३० मे, सायंकाळी ५.४७

मग कॉर्नफ्लोअर अजून शिजलेलं नाही. रस मधेही खदखदला पाहिजे, तेव्हाच तो दाटतो. आत्ता काढला तर गार झाल्यावरही पातळ आणि पिठूळ लागेल. बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. बारीक आणि पटापट फुटणारे म्हणजे रस पातळ. मोठे, संथ, आमरस आटताना येतात तसे म्हणजे झालं.

---

नवशिका_बेकर | ३० मे, सायंकाळी ६.०१

फॉइल टाकून १२ मिनिटं दिली. मधे मोठे बुडबुडे, संथ. टूथपिक कोरडी. काढून जाळीवर ठेवलाय. घरातले चमचे घेऊन उभे आहेत.

---

गोकुळपेठची_सुगरण | ३० मे, सायंकाळी ६.०३

साडेसहापर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. आइस्क्रीमही तोवर फ्रीझरमध्येच राहू द्या.